‘नाव कुणी दिलं?’ असं विचारणारं कुणी उरलं नाही

बातम्यांच्या वाहिन्यांवर माणसं कमी झाली की मागं उरलेल्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘माझं काम इतकं कसं बिघडलं? आता माझाच नंबर ना?’

जिल्ह्याच्या ठिकाणचे एक वार्ताहर, वय ४२, हेच विचारत माझ्याकडे समुपदेशनाला आले. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) पूर्वी वार्ताहर, कॅमेरामन, एडिटर असे तिघं, आता ते एकटे, हातात बूम माइक आणि ट्रायपॉडवर मोबाइल. अपघाताच्या बातमीत मृताच्या जागी जखमी भावाचं नाव गेलं. टिकर, म्हणजे पडद्याखालची सरकती ओळ, वाचून घरच्यांचा फोन आला. तेव्हापासून रात्री अडीचला जाग, आणि डोळ्यांपुढे तीच सरकती ओळ.

‘मन घट्ट करा’ सांगून इथे काही होत नाही. आधी आठवडाभराची नोंद करायला लावली : किती वाजता काय केलं, बस्स. मग अपघाताचा दिवसही तसाच आठवून लिहिला. सकाळी ९ चा लाइव्ह, त्यानंतर ३ बातम्या. घटनास्थळी शूट, लोकांचे बाइट (कॅमेऱ्यापुढचं बोलणं), उभ्या उभ्या एडिट, रेंज नसताना दृश्यं पाठवणं, वर डेस्कचा, म्हणजे कार्यालयातल्या संपादकांचा, तगादा. नाव गर्दीतल्या एकानं सांगितलं, ते तसंच गेलं. पूर्वी कॅमेरामन शूट करायचा तेव्हा हे पोलिस ठाण्यात फोन लावायचे, आणि डेस्कवरचं कुणीतरी विचारायचं, ‘नाव कुणी दिलं?’ चूक त्यांचीच होती, पण ती पकडणाऱ्या जागा रिकाम्या झाल्या होत्या. हे कागदावर दिसल्यावर ते पहिल्यांदा रडले.

मग ठरलं : दृश्यं लगेच पाठवायची; मृताचं नाव पोलिस किंवा रुग्णालयाकडून मिळेपर्यंत मजकुरात सर्वांत वर ‘नाव बाकी’ लिहायचं. झेपणार नाहीत इतक्या बातम्या आल्या, तर ‘यातली कोणती सोडू?’ हे डेस्कला लेखी विचारायचं. तोंडी विचारलं की ‘सगळ्याच कर’ असं उत्तर ठरलेलं. त्या कुटुंबाकडे ते कॅमेरा न घेता जाऊन आले. झोप सुधारायला मात्र महिना लागला.

नोकरीची भीती खरी होती, तिला भ्रम म्हणणं अन्यायाचं. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफ पासबुक यांच्या प्रती घरी ठेवायला सांगितलं. आपण पगारी कर्मचारी की मानधनावरचे, हेही पाहायला लावलं. मानधनवाल्याचा हक्क सिद्ध करणं अवघड जातं. कामगार कायद्यात बसणाऱ्याला नोकरकपातीत प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई मिळते. स्वतःहून राजीनामा दिला की ती जाते. म्हणून एचआरनं तयार राजीनामा पुढे सरकवला, तर सही न करता तो कागद घरी आणायचा आणि आधी कामगार वकिलाला दाखवायचा.