उठावाच्या आधी निघालेली तार

प्रश्न : ३ नोव्हेंबर १९०३ ला पनामा कोलंबियापासून फुटला. त्या संध्याकाळच्या आधीच वॉशिंग्टनहून ‘उठावाची खबर आहे, कळवत राहा’ अशी तार गेली होती. एवढ्यावरून उठाव अमेरिकेनेच घडवला असं निबंधात लिहू का?
— एक विद्यार्थिनी, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : तार खरी आहे, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका. आधी वेळा एकाखाली एक मांडा. दुपारी ३.४० ला हंगामी परराष्ट्रमंत्री लूमिस यांची तार निघाली. पनामातल्या अमेरिकन उपवाणिज्यदूताचं उत्तर ८.१५ ला आलं : अजून उठाव नाही, रात्री होईल असं कळतं. ९.५० ला दुसरं : ६ वाजता उठाव झाला, रक्तपात नाही. या दोन्ही वेळा तार वॉशिंग्टनला मिळाल्याच्या आहेत, पाठवल्याच्या नव्हेत. इथेच बरेच जण घसरतात. घड्याळाच्या फरकाचीही सबब चालत नाही, कारण वॉशिंग्टन ७७ आणि पनामा ७९.५ अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे फरक जेमतेम दहा मिनिटांचा. तरीही ‘वर्तमानपत्री बातमी आली म्हणून विचारलं’ हा अमेरिकी परराष्ट्र खात्याचा खुलासा नुसत्या तारेवरून खोडता येणार नाही.

जड पुरावा आदल्या दिवशीचा आहे. पनामाच्या कोलोन बंदरातल्या अमेरिकेच्या ‘नॅशव्हिल’ युद्धनौकेला हुकूम होता : कोलोन ते पनामा शहर रेल्वे वाहतूक चालू ठेवा, सरकारी असो वा बंडखोर, लढायला आलेली फौज किनाऱ्यावर उतरू देऊ नका. बंडखोर तर पनामातच होते. समुद्रातून येणार ती कोलंबियाचीच फौज. हुकूम हाती पडायला उशीर झाला आणि ३ तारखेला सकाळी चार-पाचशे शिपाई उतरलेच. तेव्हा रेल्वेच्या अधीक्षकाने त्यांच्या सेनापतींना तेवढं गाडीने पनामा शहरात धाडलं, शिपाई कोलोनलाच अडकवले. संध्याकाळी सेनापती कैदेत.

या हुकुमाला आधार दिला जातो तो १८४६ च्या कराराच्या ३५ व्या कलमाचा. ते अख्खं वाचा. वाहतूक निर्वेध ठेवण्याबरोबरच त्या भूमीवरच्या न्यू ग्रानडाच्या, म्हणजे पुढच्या कोलंबियाच्या, सार्वभौमत्वाची हमीही अमेरिकेने त्यातच दिली होती. ती कुठे गेली, हा तुमच्या निबंधाचा गाभा व्हायला हवा.

शेवटी पनामा कालव्यासाठीचे अमेरिकेचे दोन करार शेजारी ठेवा : कोलंबियाच्या सिनेटने ऑगस्टमध्ये फेटाळलेला आणि पनामाशी झालेला १८ नोव्हेंबरचा. अमेरिकेने द्यायचे पैसे तेच : १ कोटी डॉलर रोख, वर्षाला अडीच लाख. कालव्यासाठी अमेरिकेला मिळणारा जमिनीचा पट्टा मात्र १० किलोमीटरचा १० मैल झाला, जवळपास सोलापूर ते होटगी इतका रुंद; आणि १०० वर्षांच्या, वाढवता येणाऱ्या मुदतीच्या जागी ‘कायमचा’ आलं. पनामातर्फे सही केली फ्रेंच इंजिनियर बुनो-व्हारिया यांनी. पनामाचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला पोचले तेव्हा शाई वाळली होती.