सिमेंटच्या नाल्यातून मासे वर कसे चढतील?

प्रश्न : पूर गावात शिरू नये म्हणून आमच्या नाल्याला तळापासून काँक्रीट केले. वर मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) आहे. पहिल्या पावसात मासे तिकडे चढायचे, आता नाल्याच्या खालच्या टोकाशी दोन फुटांच्या उडीपाशीच (तळ एकदम खाली उतरतो तिथे) अडकतात. पुराच्या पाण्याला अडथळा न करता काय करता येईल?
– मच्छीमार संस्थेचे सभासद, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : उडी डोळ्यांना दिसते, पण मोठी अडचण सपाट तळाची आहे. ४ मीटर रुंद, २०० मीटरला १ मीटर उताराच्या गुळगुळीत तळावरून सेकंदाला १०० लिटर पाणी गेले, तर खोली जेमतेम ४ सेंमी भरते. एवढ्यात माशाची पाठ उघडी पडते, शेपटीला जोर मिळत नाही. मोठ्या पुरात खोली असते, पण वेग फार आणि विसाव्याला आडोसा नाही.

तळात मधोमध ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल नाली काढा आणि तिच्या तळाशी डबर (ओबडधोबड दगड) खडबडीत बसवा. ही मापे डबर बसवल्यानंतरची. तेच पाणी मग नालीत जवळपास काठोकाठ वाहते. वेग साधारण तेवढाच राहतो, पण दगडामागे मासा थांबतो. नाली तळाखाली असल्याने पुराची जागा घटत नाही. तळावर आडवे ठोकळे बांधू नका. बेशरमाच्या झुडपाच्या फांद्या नि तणस (भाताचा पेंढा) अडकून पाणी तुंबते.

नाली टोकापर्यंत नेली की उडी एकच फूट उरते. तिला १:२० उताराने ६ मीटर लांब डबराचा उतार करा, मध्यभाग थोडा खोलगट ठेवून. दगडांमधल्या फटी गिट्टी-मुरमाने ठासून भरा. हीच चूक सर्रास होते : फटी मोकळ्या राहिल्या की पाणी दगडांखालून जाते आणि वरचा उतार कोरडा पडतो. पायथ्याची शेवटची ओळ सर्वांत मोठ्या दगडांची हवी, निम्मी जमिनीत गाडलेली. नाहीतर पूर खालून माती उकरतो आणि अख्खा उतार घसरतो.

तळ कापण्याआधी ज्या विभागाचे काम आहे त्याची लेखी परवानगी घ्या, सळया कुठे आहेत ते पाहा. नालीखाली १५ सेंमी काँक्रीट घालाच, नाहीतर पाणी शिरून शेजारचा तळ उचलला जातो. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात, म्हणून ओतकाम मेच्या पहिल्या आठवड्यात संपवा. प्रत्येक मोठ्या पुरानंतर नाली साफ करा.

आणि मासे चढतात त्या दिवसांत उताराच्या पायथ्याशी जाळे, टोपले लावायला ग्रामसभेत बंदी घाला. अंडी भरलेली मासळी तिथेच दाटते.