आतड्याचा शेवटचा दीड हात

प्रश्न : दीड वर्षापूर्वी शस्त्रक्रियेत माझ्या वडिलांच्या लहान आतड्याचा शेवटचा सुमारे ७० सेंटिमीटरचा भाग काढावा लागला. आता जेवण पूर्वीसारखं आहे, वजनही भरून आलंय. बी-१२ची इंजेक्शनं मात्र जन्मभर घ्या, असं सर्जननी सांगितलंय. परवाच्या तपासणीत बी-१२ उत्तम आलं, तेव्हापासून बाबा म्हणतात, "आता पुरे." एवढं आतडं शिल्लक असताना ते हे एक जीवनसत्त्व का शोषू शकत नाही?

उत्तर : बाबांना इंजेक्शन थांबवू देऊ नका. रिपोर्ट चांगला आला तो इंजेक्शनमुळेच.

तुमची शंका मात्र रास्त आहे. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं, त्यातलं ७० सेंटिमीटर गेलं तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. पण ही नळी सगळीकडे सारखी नाही. सुरुवातीचा वीतभर भाग, म्हणजे ड्युओडेनम, स्वादुपिंडाचा रस आणि पित्त घेतो आणि लोह शोषतो. त्यापुढच्या जेजुनममध्ये साखर, प्रथिनांचे तुकडे आणि स्निग्ध पदार्थ यांचा मोठा वाटा रसांकुरांमधून, म्हणजे अस्तरावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांमधून, आत जातो. बाबांचे हे दोन्ही भाग शाबूत आहेत, म्हणूनच वजन भरलं.

बी-१२चा प्रवास मात्र फार वेगळा आहे, आणि इतकी वर्षं शिकवूनही मला त्याचं अप्रूप वाटतं. जठरातलं आम्ल ते अन्नातून मोकळं करतं. लगेच लाळेतून आलेलं एक प्रथिन त्याला धरून ठेवतं. पुढे ड्युओडेनममध्ये स्वादुपिंडाची एन्झाइम्स ही पकड सोडवतात, आणि जठरानेच पाठवलेलं दुसरं प्रथिन, इंट्रिन्सिक फॅक्टर, बी-१२चा ताबा घेतं. ही जोडी न पचता कित्येक मीटर पुढे जाते, कारण तिला ओळखून आत घेणारे ग्राहक (रिसेप्टर) इलियमच्या, म्हणजे जेजुनमपुढच्या लहान आतड्याच्या, अगदी शेवटच्या टप्प्यातच असतात. बाबांचा नेमका तोच भाग गेला. शस्त्रक्रियेनंतर उरलेलं आतडं बरंच जुळवून घेतं, रसांकुर लांब होतात, पण जेजुनममध्ये ते ग्राहक तयार होत नाहीत.

यकृतात बी-१२चा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. इंजेक्शन बंद केल्यावर लगेच त्रास होत नाही, आणि मला खरी काळजी वाटते ती याचीच. कमतरता कळते तेव्हा कधीकधी पाय बधिर झालेले असतात, चालताना तोल जात असतो. मज्जातंतूंची ही हानी पूर्ण भरून येईलच असं नाही. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतू खराब होतच राहतात. मोठ्या डोसच्या बी-१२ गोळीतला साधारण एक टक्का भाग ग्राहकांवाचूनही झिरपून आत जातो, त्यामुळे इंजेक्शनचा फारच कंटाळा असेल तर सर्जनना तसं विचारा. तो बदल त्यांच्या देखरेखीखालीच व्हावा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण बाबांना विचारा : जेवणानंतर पातळ शौचास होतं का? पित्तक्षारही याच शेवटच्या भागात परत शोषले जाऊन यकृताकडे जातात. तो भाग नसला की ते मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटतं. पुष्कळ रुग्ण हे खाण्याच्या माथी मारून एकेक पदार्थ सोडत बसतात. पित्तक्षारांना बांधून ठेवणारं औषध मिळतं, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. आतडं किती काढलं यापेक्षा किती आणि कुठलं उरलं, हे आम्हा सर्जनना जास्त महत्त्वाचं असतं. कार्डावर ती नोंद नसेल तर मागून घ्या.