वाचकांचे प्रश्न : वय कुठलं, कर्करोग कुठला?

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते आहे. पेशींचं वार्धक्य आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचं लवकर निदान, दोन्ही विषय आवडतात. पीएच.डी.साठी एकच निवडावा लागेल का?

उत्तर : विषय दोन्ही ठेवा, प्रश्न मात्र एकच घ्या. माणसाच्या सामान्य पेशी कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत वाढवताना) साधारण ५० वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं. हे थांबणं कर्करोगावरचा ब्रेकच आहे. पी१६ आणि पी५३ ही प्रथिनं तो लावतात. फुफ्फुसाच्या ट्यूमरमध्ये पी१६चं जनुक बऱ्याचदा मेथिलेशनमुळे (डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणांमुळे) बंद पडलेलं आढळतं. पण थांबलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या आयएल-६सारखी दाहकारक द्रव्यं सोडत राहतात आणि शेजारच्या बिघडलेल्या पेशींना ती पथ्यावर पडू शकतात.

प्रयोगशाळा निवडताना उपकरणांच्या आधी नमुन्यांची चौकशी करा. निदान होण्यापूर्वी घेऊन गोठवलेलं रक्त आहे का? सोबत वय आणि धूम्रपानाची नोंद आहे का? नोंद ‘पॅक-इयर्स’मध्ये हवी : रोजची पाकिटं (२० सिगारेटचं एक) गुणिले वर्षं. रुग्ण सत्तरीतले धूम्रपान करणारे आणि तुलनेला तिशीतले निरोगी स्वयंसेवक घेतले, तर सापडलेला मार्कर (रोगाची खूण म्हणून मोजायचा रेणू) कर्करोगाचा की वयाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. अनेक ‘आशादायक’ मार्कर इथेच गारद होतात. संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी शिका, शेवटच्या वर्षासाठी ठेवू नका.

प्रश्न : वार्धक्य तपासायला बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या एन्झाइमचं स्टेनिंग केलं. त्यात म्हाताऱ्या पेशीच निळ्या व्हायला हव्यात. तरुण पेशीही निळ्या होतात. का?

उत्तर : बहुधा प्लेट नेहमीच्या कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली असणार. तो वायू बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळून पीएच उतरवतो. हे एन्झाइम आम्लात जोमाने काम करतं, त्यामुळे पीएच ४च्या आसपास जवळपास सगळ्याच पेशी निळ्या होतात. म्हातारी पेशी वेगळी ओळखू येते ती पीएच ६.०लाच. बफर मीटरवर तपासा, प्लेट पॅराफिल्मने बंद करा आणि ३७ अंशांवर साध्या, कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इन्क्युबेटरमध्ये १२ ते १६ तास ठेवा. २ टक्के फॉर्मल्डिहाइड आणि ०.२ टक्के ग्लुटरल्डिहाइडमध्ये फिक्सिंग (पेशी आहेत तशा स्थिर करणं) ३ ते ५ मिनिटंच. जास्त झालं तर एन्झाइमच मरतं आणि रंग येत नाही. पेशी खच्चून भरलेल्या असल्या तरी खोटा निळा रंग येतो, तेव्हा विरळ पेरा. आणि या एका रंगावर निष्कर्ष काढू नका. पी१६, पी२१ (हेही विभाजन रोखणारं प्रथिन) आणि डीएनए-निर्मिती थांबल्याचा पुरावा जोडा.

प्रश्न : रक्ताच्या चाचणीने अगदी लहान ट्यूमर सापडेल का? सिक्वेन्सिंगची खोली (तोच डीएनए किती वेळा वाचायचा ते) वाढवून जमेल?

उत्तर : ही चाचणी ट्यूमरमधून रक्तात आलेला डीएनए शोधते आणि खोली वाढवून नसलेला रेणू सापडत नाही. जीनोमच्या एका प्रतीचं वजन ३.३ पिकोग्रॅम. मिलीलिटरभर प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरणाऱ्या द्रवात) १० नॅनोग्रॅम मुक्त, म्हणजे पेशींबाहेरचा डीएनए असेल, तर प्रती भरतात सुमारे ३,०००. ट्यूमरचा वाटा दहा हजारांत एक असेल, तर त्या मिलीलिटरमध्ये बदल झालेली एकही प्रत नसण्याचीच शक्यता जास्त. प्लाझ्मा वाढवा, एकाच वेळी अनेक बदल शोधा. सध्या मृत्यू कमी केल्याचा भक्कम पुरावा कमी मात्रेच्या सीटी स्कॅनचाच आहे : ५३,४५४ जणांच्या अमेरिकी चाचणीत (२०११) छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. संशयास्पद ठरलेल्या स्कॅनपैकी ९६ टक्क्यांहून अधिक मात्र खोटे इशारे होते.

हाताळणीतही घोटाळे होतात. ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी) तासन्‌तास पडून राहिली, तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि ट्यूमरचा अंश आणखी पातळ होतो. दोन ते चार तासांत सेंट्रिफ्यूजमध्ये १,६००जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या १,६०० पट बलावर) १० मिनिटं फिरवा. मग वरचा प्लाझ्मा वेगळा काढून १६,०००जीवर पुन्हा १० मिनिटं. खाली उरलेला बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर) मात्र फेकू नका. वयानुसार रक्तपेशींमध्येही टीपी५३ (पी५३चं जनुक) यासारख्या जनुकांत बदल साठतात आणि प्लाझ्मात ते हुबेहूब ट्यूमरचे वाटतात. बफी कोटाचं सिक्वेन्सिंगही तितक्याच खोलीने करा आणि दोन्हीकडे दिसणारा बदल यादीतून काढून टाका.