आधी ऊन कुठून येतंय ते ठरव

प्रिय बेटा,

विज्ञानकथांच्या पुस्तकांसाठी केलेली तुझी मुखपृष्ठं पाहिली. हात छान बसलाय, त्यावर बोलत नाही. पण प्रत्येक चित्रात तेच: आकाशात दोन चंद्र, खाली झगमगते मनोरे आणि पाठमोरा उभा एक माणूस. हे शहर तू दुसऱ्यांच्या चित्रांतून उचललंयस. शिवाय एका चित्रात चंद्र डावीकडे आणि माणसाची सावलीही डावीकडेच! वाचकाला चूक सांगता येणार नाही, पण त्याचा विश्वास तिथेच उडतो.

अमेरिकी चित्रकार चेस्ली बोनस्टेलची चित्रं शोधून बघ. शनीच्या टायटन या चंद्रावरून शनी कसा दिसेल, हे त्याने रंगवलं आणि १९४४ साली ते 'लाइफ' मासिकात छापून आलं. तेव्हा एकही यान तिकडे फिरकलेलं नव्हतं. बोनस्टेल वास्तुकलेत तयार झालेला, सिनेमासाठी पार्श्वभूमी रंगवणारा. टायटनवरून शनी आकाशात केवढा दिसेल, याचा हिशोब त्याला महत्त्वाचा वाटे. टायटनवर दाट नारिंगी धुकं आहे, शनी तिथून असा दिसणारच नाही, हे नंतर कळलं. तरी ते चित्र आजही पटतं, कारण त्यातलं ऊन, कडे आणि सावल्या एकमेकांना धरून आहेत.

तू संभाजीनगरात राहतेस, वेरूळ जेमतेम ३० किलोमीटर. कैलास लेणं नुसतं फोटोत पाहू नकोस, वहीपेन्सिल घेऊन जा. आठव्या शतकातलं काम, काळ्या कातळात वरून खाली कोरत आणलेलं. कळस आधी, पायथा शेवटी. लेण्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळी अंगण सावलीत असतं आणि दुपार कलली की ऊन आत शिरतं. दोन्ही वेळा बस. अंगणातल्या दगडी हत्तीजवळ कुणी उभं राहिलं की त्याच्यासकट काढ, मग मागचा १०० फुटांहून उंच कडा किती अंगावर येतो ते कळेल. आता विचार कर: परग्रहावरचं एखादं शहर कुणी बांधलंच नसेल, नुसता नको तो दगड काढून टाकला असेल, तर ते कसं दिसेल? मंदिराची नक्कल नको, कोरण्याची रीत उचल. (अद्भुतकथेचं काम आलं तर देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे ती काळोखी भुयारी वाट, आहेच. आत टॉर्च क्षणभर विझवून बघ.)

छपाईचं थोडक्यात सांगतो. शीर्षकाची जागा पहिल्या कच्च्या स्केचमध्येच सोड. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-जांभळा कागदावर मरतो, वर मॅट लॅमिनेशन चढलं की आणखी दबतो. म्हणून आधीच सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, बदलून बघ. पुस्तकाच्या कण्याची रुंदी पानं आणि कागद ठरल्यावरच मिळते, तोवर घाई नको. आणि चित्र फोनवर टपाल तिकिटाएवढं करून बघ; तेवढ्यात काय उरतं, ते महत्त्वाचं.

प्रकाशक सारांश पाठवून मोकळे होतात. तू पूर्ण हस्तलिखित माग. शेवटचं रहस्य मात्र मुखपृष्ठावर फोडू नकोस.

मानधन ठरवताना हक्कांचं लेखी घे: एका आवृत्तीपुरते, की ई-बुक आणि पोस्टरसकट? मूळ चित्र तुझ्याकडेच राहील, हेही त्यातच लिहून घे. तोंडी 'बघू' म्हणाले तर काम सुरू करू नकोस.

तुझा
काका