पळसाला पानं तीन, पांगाऱ्यालाही तीनच
वाचकांचे प्रश्न : झाडांच्या नोंदींविषयी

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं मोबाइलवरच्या नोंदींबद्दलची आहेत. मी एकतीस वर्षं वाईत वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता रोज संध्याकाळी चहा झाला की तासभर लोकांनी टाकलेले झाडांचे फोटो ओळखत बसते. उत्तरं त्या खुर्चीतून दिलेली आहेत, एवढं धरून वाचा.

आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आयनॅचरलिस्ट या मोबाइल ॲपवर गावातल्या झाडांच्या १४० नोंदी केल्या. निम्म्यांवर ‘कॅज्युअल’ असा शेरा आला, थोड्या ‘रिसर्च ग्रेड’ झाल्या, उरलेल्या तशाच पडून आहेत. मुलं विचारतात, आमचं चुकलं कुठे? आणि हे सगळं पुढे जातं तरी कुठे?
*एक शिक्षिका, संगमनेर*

बाई, तुम्ही पाठवलेल्या दुव्यावरून मी सगळ्या नोंदी उघडून पाहिल्या. ‘कॅज्युअल’ म्हणजे नापास नव्हे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तुमच्या फाटकाशी तो कुणीतरी हौसेने लावला. लावलेलं झाड ‘आपोआप इथे उगवतं’ असं नकाशावर दिसू नये म्हणून ते बाजूला काढतात. मुलांनी ‘लागवडीचं’ अशी खूण प्रामाणिकपणे केली, म्हणून हा शेरा आला. त्यांची पाठ थोपटा.

काळजी मला रिसर्च ग्रेडवाल्यांची वाटली. विहिरीजवळच्या झाडाचा फोटो आठवतो? ॲपने पहिलं नाव सुचवलं पळस. एकाने ते दाबलं आणि मागोमाग तीन मित्रांनी ‘सहमत’ केलं. ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनाला चालण्याजोगी नोंद, ठरायला नियम असा की निदान दोघांचं मत हवं आणि मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक एका नावावर हवेत. चार मित्र म्हणजे झालंच काम! मी पांगारा म्हटलं, तरी चारास एक. पळस पळसच राहिला.

‘कुठेही जा, पळसाला पानं तीनच’ हे खरं. (माझ्यातली मास्तरीण म्हणते, पान एकच, पर्णिका तीन. पण म्हणीला कोण सुधारणार?) गोची अशी की पांगाऱ्यालाही तीनच. दोघंही उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून लालभडक फुलतात. मुलांचा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कोवळ्या फांदीवर बारीक, शंकूसारखे काटे दिसले. पळसाला काटे नसतात. पळसाचं मधलं पान जाड, चामड्यासारखं, टोकाला बोथट, पुष्कळदा किंचित खाच पडलेलं. पांगाऱ्याचं पातळ आणि टोकाकडे निमुळतं. फुलं नसताना एवढ्यावरच निवाडा करायचा असतो, आणि लांबून काढलेल्या हिरव्या गोळ्यावरून तो होत नाही. पडून राहिलेल्या तुमच्या बऱ्याच नोंदी अशा हिरव्या गोळ्यांच्याच आहेत.

तर मुलांना एवढं सांगा : फांदीला पान कसं चिकटलंय ते घ्या, पान उलटं करून घ्या, साल जवळून घ्या, फूल-फळ असेल तर तेही, आणि सगळं एकाच नोंदीत. ॲपने सुचवलेलं नाव म्हणजे वर्गातल्या पुढच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर, बहुतेकदा बरोबर, पण पाहून लिहू नये. ‘सहमत’ तेव्हाच दाबावं जेव्हा स्वतःला का ते सांगता येईल. त्या चौघांना मत मागे घेता येतं, आणि ते त्यांनीच करावं. मी ओळखीच्या दोघा जाणकारांना मत द्यायला सांगितलं असतं तर आकडा फिरला असता, पण त्यातून मुलं काय शिकली असती?

पुढे कुठे जातं? रिसर्च ग्रेड झालेली, खुल्या परवान्याखालची नोंद जीबीआयएफ नावाच्या जागतिक भांडारात जाते. ते २००१ साली सुरू झालं, कचेरी कोपनहेगनला. दोन अब्जांहून जास्त नोंदी आहेत तिथे, त्यातल्या निम्म्याहून अधिक पक्ष्यांच्या. झाडं गप्प उभी असतात म्हणून मागे पडली असावीत. उद्या ब्राझीलमधला एखादा विद्यार्थी जगातल्या पळसांचा नकाशा काढेल, तेव्हा तुमच्या विहिरीवरचा पांगारा त्यात टिंब होऊन बसलेला असेल. म्हणून घाई आहे.

आणि लावलेल्या झाडांसाठी सीझनवॉच आहे, २०१० पासून भारतभर चालू असलेला उपक्रम. एक झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा त्याची पानं, फुलं, फळं बघून लिहायची. आंबा, चिंच, बहावा, सगळं चालतं. शाळेला हे जास्त मानवेल असं माझं मत.

डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर कंदीलपुष्प सापडलं. तिथेच उभं राहून आयनॅचरलिस्टवर नोंद केली. माझ्या मोबाइलवर जागा बरोबर दिसते, पण मित्राच्या मोबाइलवर टिंब खाली उसाच्या रानात! ॲप बिघडलंय का?
*एक वाचक, सातारा*

बिघडलेलं नाही, तुमचं गुपित राखतंय. ज्या जाती धोक्यात आहेत असं तिथे नोंदलेलं असतं, त्यांची खरी जागा ते झाकतं. ०.२ अंशाची एक चौकट घेतात आणि तिच्यात कुठेही टिंब टाकतात. आपल्या अक्षांशावर ती चौकट उत्तर-दक्षिण साधारण २२ किलोमीटर, पूर्व-पश्चिम २१. तेवढ्यात ऊस लागणारच.

कारण सांगायला नको. कंदीलपुष्पाचे कंद लोक खणून खातात, काही जण कुंडीत लावायला उपटतात, आणि फोटोवाल्यांच्या गुडघ्यांखाली किती रोपं चिरडली जातात त्याला गणती नाही. तुम्ही मात्र टिपणात लिहिलंय, ‘देवळाच्या मागे दोनशे पावलांवर, मोठ्या दगडाशी’. यंत्राने दार लावलं आणि तुम्ही किल्ली बाहेर टांगलीत. ते वाक्य आजच काढा. व्हॉट्सॲप गटावर जागेसकट पाठवलं असेल तर तेही.

आता याच्या उलट बाजूचं दुखणं. एखादी वनस्पती कुठे कुठे असू शकेल याचा अंदाज बांधायला मॅक्सएंट नावाची पद्धत फार वापरतात, २००६ पासून. त्यात नोंदींची टिंबं घालायची, सोबत पाऊस-तापमानाचे नकाशे. वर्ल्डक्लिम नावाच्या हवामानाच्या नकाशात एक चौकोन साधारण एक किलोमीटरचा. त्या बारीक जाळीत २२ किलोमीटर सरकलेलं टिंब घातलं तर काय होईल बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सरळ रेषेत पंधराएक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्माही नाही. संगणक बिचारा मानतो की या झाडाला दोन्ही चालतं, आणि मग अर्धा जिल्हा हिरवा रंगवून देतो.

म्हणून प्रत्येक नोंदीत जागेच्या खात्रीचा एक आकडा असतो, ‘इतक्या मीटरच्या आत’. नकाशा करणाऱ्याने पहिल्यांदा तो रकाना वाचायचा आणि मोठे आकडे बाजूला काढायचे. बरेच जण वाचत नाहीत. रस्त्याच्या कडेला नोंदी जास्त असतात हेही विसरतात, आणि मग असं निघतं की सह्याद्रीतल्या निम्म्या वनस्पतींना डांबर आवडतं.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही हं. १९८६ साली मी पसरणीच्या घाटात नमुने गोळा केले, वर्तमानपत्रात दाबून सुकवले, कागदावर शिवले आणि चिठ्ठी लावली : ‘वाई–पाचगणी रस्ता, उजव्या हाताला’. निवृत्तीनंतर ते नमुने संगणकात घालायला बसले तेव्हा डोक्याला हात लावला. उजव्या हाताला, पण जाताना की येताना? रस्ता बाराएक किलोमीटरचा. शेवटी मधला बिंदू धरला आणि खात्रीच्या रकान्यात सहा हजार मीटर लिहिलं. लिहिताना लाज वाटली, पण तेच खरं होतं. काही चिठ्ठ्यांवर तारीख नव्हती. तिथे सुकवणीचं वर्तमानपत्र उपयोगी पडलं, म्हणजे नमुना त्या दिवसाच्या आधीचा नाही एवढं तरी कळलं. रद्दी किती जुनी होती ते देव जाणे.

प्रबंधासाठी बाभळीच्या नोंदी जमवतोय. कुकच्या फ्लोरात (मुंबई इलाख्याच्या जुन्या वनस्पतिग्रंथात) अकेशिया अरेबिका, जुन्या याद्यांत अकेशिया निलोटिका, आणि आता वॅचेलिया निलोटिका. मॅडम, एक काय ते धरायचं?
*एम.एस्सी.चा विद्यार्थी, नागपूर*

धर वॅचेलिया, पण बाकीची दोन पुसू नकोस. यादीत दोन रकाने कर. एकात चिठ्ठीवर जसं लिहिलंय तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट. दुसऱ्यात आजचं मान्य नाव. पहिला रकाना कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून सुधारायचा नाही. नावं पुन्हा बदलतील, तेव्हा परत यायला तीच पायवाट.

आजचं नाव लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर बघ. साडेतीन लाखांच्या आसपास जाती आणि त्यांना आजवर दिलेली दहा लाखांहून जास्त नावं, म्हणजे सरासरी प्रत्येकीची दोन-तीन बारशी. ‘आर’ या संगणकी भाषेत हजार नावांची यादी काही मिनिटांत जुळवता येते. मात्र नावापुढचं नामकर्त्याचं नाव गाळू नकोस, तेच लॅटिन नाव दोघांनी दोन वेगळ्या झाडांना दिल्याची उदाहरणं आहेत.

या बाभळीवर अन्याय झाला असं मला अजून वाटतं. अकेशिया या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव ज्या जातीवर टेकलेलं होतं ती आपली हीच बाभूळ. पण प्रजाती फोडायची वेळ आली तेव्हा ऑस्ट्रेलियात हजाराच्या आसपास जाती निघाल्या. त्या सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा नावाचा आधारच तिकडच्या एका जातीवर हलवला. २००५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या व्हिएन्नाच्या परिषदेत, पुढे २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब. खैर झाला सेनेगालिया, हिवर झाला वॅचेलिया. आणि सामाजिक वनीकरणात रस्तोरस्ती लावलेली ती ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’? ती अजून अकेशियाच! सोय म्हणून निर्णय बरोबर होता, हेही कबूल करते. पण सातबारा नातेवाइकाने नावावर करून घेतल्यासारखं वाटतं खरं.

आमच्या कंपनीने सासवडजवळच्या ओसाड माळावर ५,००० झाडं लावली. उपग्रहाच्या चित्रांवरून हिरवाई वाढल्याचं दाखवता येईल का?
*एक अभियंता, पुणे*

येईल. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाचेक दिवसांनी, एक ठिपका दहा मीटरचा. पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त परत फेकतं, त्यावरून हिरवेपणाचा आकडा काढतात. पण तो आकडा वडाला, उसाला, गिरिपुष्पाला आणि घाणेरीला सारखाच खूश होतो. त्यात ‘काय वाढलं’ ते नसतं.

आणि ‘ओसाड’ हा शब्द जरा तपासा. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी जुन्या मराठी ग्रंथांतले आणि ओव्यांतले झाडांचे उल्लेख गोळा करून २०२५ साली मांडलं की पश्चिम महाराष्ट्रातले माळ हे तोडलेल्या रानाचे उरलेले तुकडे नाहीत. निदान साडेसातशे वर्षं तिथे गवत आणि विरळ काटेरी झाडंच होती. माळ आठ महिने पिवळा असतो, तो त्याचा रंग आहे. पुढची पाच हजार लावण्याआधी भाद्रपदात एकदा तिथे गुडघे टेकून गवतात काय काय फुलतंय ते मोजा.

वडिलांच्या रोजनिशा सापडल्या. १९७४ ते २००९. दरवर्षी बांधावरचा पळस कधी फुलला ते लिहिलंय, पण तारीख नाही. ‘होळीआधी आठ दिवस पळस पेटला’ असं. याचा कुणाला उपयोग आहे का, की रद्दीत देऊ?
*एक शेतकरी, अंबाजोगाई*

दादा, रद्दीवाल्याला दाराशी उभं करू नका!

जपानात क्योतोच्या लोकांनी चेरी कधी बहरली ते नवव्या शतकापासून लिहून ठेवलंय. हवामान कसं बदललं हे सांगताना जगभरचे शास्त्रज्ञ आज तो आलेख दाखवतात. लिहिणारे शास्त्रज्ञ नव्हते, दरबारी आणि भिक्षू होते. तुमच्या वडिलांनी एकाच झाडाकडे पस्तीस-छत्तीस वर्षं पाहिलं. असं आपल्याकडे किती जणांनी केलं असेल?

होळीचं कोडं सुटतं, फक्त दर वर्षाचं वेगळं सोडवावं लागतं. २०१८ साली होळी १ मार्चला होती, २०२४ साली २४ मार्चला. अधिक महिना आला की सण पुढे सरकतो, पळस काही पंचांग बघत नाही. तेव्हा त्या-त्या वर्षाच्या पंचांगातून होळीची तारीख काढायची आणि आठ दिवस मागे जायचं. मूळ वाक्य मात्र शेजारी जसंच्या तसं ठेवायचं. ‘पेटला’ म्हणजे पहिलं फूल की सगळं झाड लाल, हे घरात कुणाला आठवत असेल तर आत्ताच विचारून लिहून ठेवा. ज्या वर्षी काहीच लिहिलेलं नाही ते वर्षही यादीत कोरं ठेवा, गाळू नका. न लिहिणं आणि न फुलणं यांत फरक आहे.

वह्या उन्हात घालू नका. खिडकीजवळच्या उजेडात एकेक पान सरळ वरून फोटोत घ्या, कोपऱ्यात वहीचं साल दिसेल असं. आधी १९७४च्या वहीचे माघ-फाल्गुन मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, पहिली तीन-चार वर्षं आपण मिळून सोडवू, मग तुम्हाला एकट्याला जमेल.

आणि तो बांधावरचा पळस अजून उभा आहे का, ते पत्रात लिहायचं राहिलंय. असेल तर येत्या माघापासून घरातल्या कुणाला तरी जाता-येता तिकडे बघायला सांगा, आणि या वेळी तारीखही लिहायला.