कमेंट डिलीट केली, आता काय करू?

मागच्या अंकात ऑनलाइन धंद्याबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं आणि तुम्ही भरभरून पाठवलेत, सगळे घेता येणार नाहीत म्हणून पाच निवडलेत. वाचताना एक जाणवलं की प्रश्न वेगवेगळे वाटले तरी बहुतेकांचं दुखणं एकच आहे, गिऱ्हाईक चारचौघांत चिडलं की आपले हातपाय गळतात. म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय.

प्रश्न : ताई, मी आणि माझा भाऊ हाताने शिवलेल्या बॅगा इन्स्टाग्रामवरून विकतो. एका गिऱ्हाईक बाईंना चेन खराब असलेली बॅग गेली, त्यांनी दोनदा मेसेज केला पण तो मेसेज रिक्वेस्टमध्ये, म्हणजे अनोळखी लोकांचे मेसेज वेगळे जाऊन पडतात त्या फोल्डरमध्ये, पडून राहिला, आम्ही बघितलाच नाही. मग त्यांनी आमच्या नवीन पोस्टखाली कमेंट टाकली की हे लोक पैसे घेतात आणि उत्तर देत नाहीत. भावाने घाबरून कमेंट डिलीट केली आणि त्यांना ब्लॉकपण केलं. आता त्यांनी त्याचा स्क्रीनशॉट स्वतःच्या अकाउंटवर टाकलाय आणि खाली अनोळखी लोक आम्हाला फ्रॉड म्हणतायत. हे अकाउंट बंद करून नवीन काढू का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. नवीन अकाउंट काढलंत की त्या बाईंनी जे लिहिलंय ते लोकांना खरंच वाटणार, की बघा पैसे घेऊन पळाले. आज सगळ्यात आधी त्यांना अनब्लॉक करा, आणि ऑर्डरच्या वेळी दिलेला त्यांचा नंबर तुमच्याकडे असेलच तर भावाने नाही, तुम्ही फोन करा.

एक गोष्ट नीट समजून घ्या, त्या बाई चेनवरून एवढ्या चिडलेल्या नाहीत. चेन बिघडली तेव्हा त्यांनी शांतपणे मेसेज केला होता, तोही दोनदा. राग आला तो कोणी ऐकत नाही म्हणून, आणि संताप झाला तो तोंड बंद केलं म्हणून. अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये फार सोप्या शब्दांत मांडलं होतं की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात, एक तर गुपचूप निघून जायचं नाहीतर बोलून दाखवायचं. बोलणारा माणूस अजून पूर्ण गेलेला नसतो, त्याला अजून काहीतरी अपेक्षा असते. जे न बोलता गेले त्यांचं तर तुम्हाला कळतही नाही. त्यामुळे कमेंट करणारं गिऱ्हाईक शत्रू समजू नका, ती तुम्हाला मिळालेली शेवटची संधी असते आणि भावाने नेमकी तीच बंद केली.

फोनवर काय बोलायचं? आधी ऐकून घ्या, मधे तोडू नका, त्यांनी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगितली तरी. मग सरळ म्हणा, "तुमचे दोन मेसेज आमच्याकडून बघायचे राहिले आणि वर तुमची कमेंट काढली, तुम्हाला ब्लॉक केलं, ही आमची चूक झाली, माफ करा. नवीन बॅग पाठवू का पैसे परत करू, तुम्ही सांगाल तसं करते आणि जुनी बॅग परत न्यायचा खर्च आमचा." एवढंच. "तुमचा काही गैरसमज झाला असेल तर सॉरी" असलं वाक्य चुकूनही नको, त्याने माणूस दुप्पट भडकतो. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हेही नको, ते पाटीवर लिहिल्यासारखं वाटतं, त्यात ना त्यांची बॅग असते ना तुमची चूक.

फोन झाला की त्यांच्या पोस्टखाली जाऊन उघडपणे लिहा, कारण चूक उघड्यावर झालीय. चार ओळी पुरे : मेसेज बघायचे राहिले, कमेंट काढायला नको होती, आज बोलणं झालंय, नवीन बॅग अमुक दिवशी निघतेय. आणि मग त्या दिवशी ती खरंच निघाली पाहिजे हं! ट्रॅकिंग नंबर त्यांना इनबॉक्समध्ये द्या, कमेंटमध्ये नको. पोस्टखाली जे बाकीचे लोक फ्रॉड म्हणतायत त्यांच्यातल्या एकेकाशी वाद घालत बसू नका, तुमची ती एकच कमेंट सगळ्यांसाठी आहे. जे वाचतात पण काही लिहीत नाहीत असे लोक लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि त्यांना एवढंच बघायचं असतं की हे लोक चुकले तर काय करतात.

१९९२ मध्ये मॅकलो आणि भारद्वाज या दोन अभ्यासकांनी एक विचित्र गोष्ट मांडली होती, की चूक झाली आणि ती फार चांगल्या रीतीने निस्तरली तर गिऱ्हाईक कधीकधी चूक न झालेल्या गिऱ्हाइकापेक्षाही जास्त खूश होतं. हे वाचून कोणी असं समजू नका की मग चुका झाल्या तरी चालतील, कारण पुढच्या अभ्यासांत हे दर वेळी दिसलं नाही, आणि त्याच गिऱ्हाइकाच्या बाबतीत दुसऱ्यांदा गडबड झाली तर तो परिणाम उरतच नाही. म्हणून नवीन बॅग पाठवताना चेन दहा वेळा उघडबंद करून बघा.

आणि पुढे कमेंट काढायची कधी? शिवीगाळ असेल, कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता टाकलेला असेल, स्पॅम असेल, तेव्हा जरूर काढा. तक्रार असेल तर काढायची नाही, कितीही झोंबली तरी. एखादा माणूस रोज येऊन नुसता त्रास देत असेल तर इन्स्टाग्रामवर रिस्ट्रिक्ट म्हणून सोय आहे, २०१९ पासून, त्यात त्याची नवीन कमेंट तुम्ही मंजूर करेपर्यंत फक्त त्यालाच दिसते. पण ही सोय खऱ्या गिऱ्हाइकावर वापरू नका. मेसेज रिक्वेस्टचा फोल्डर मात्र रोज सकाळ-संध्याकाळ उघडायचा, ही सगळी कथा तिथूनच सुरू झालीय.

प्रश्न : माझं एकटीचं काम आहे, ऑर्डरप्रमाणे कपडे शिवून देते. रात्री अकरा-बारालासुद्धा व्हॉट्सअॅपवर मेसेज येतात, उत्तर नाही दिलं तर सकाळी "सीन करून रिप्लाय नाही" असं ऐकावं लागतं. झोप होत नाही ताई. मोठ्या कंपन्या चोवीस तास उत्तर देतात, मी कशी देऊ?

उत्तर : तुम्ही द्यायचंच नाही, आणि ते आधीच सांगून टाकायचं. लोकांना उशीर एवढा खटकत नाही, कधी उत्तर येणार हेच माहीत नसलं की ते खटकतं.

तुम्ही साधं व्हॉट्सअॅप वापरताय असं पत्रावरून वाटतंय. व्हॉट्सअॅप बिझनेस नावाचं वेगळं अॅप २०१८ च्या जानेवारीत आलं, फुकट आहे, ते घ्या. त्यात अवे मेसेज लावता येतो, म्हणजे तुमच्या ठरलेल्या वेळेबाहेर कोणी लिहिलं की आपोआप उत्तर जातं. त्यात "लवकरच संपर्क करू" असं लिहू नका, लवकर म्हणजे कधी? असं लिहा : "मी सकाळी १० ते संध्याकाळी ७ मेसेज बघते. तुमचा मेसेज मिळाला, उद्या दुपारी १२ च्या आत उत्तर देते. माप किंवा फोटो आत्ता पाठवून ठेवलात तरी चालेल." शेवटचं वाक्य मुद्दाम आहे, त्याने समोरच्याला वाटतं की काम सुरू झालं, आणि तुमचीही सकाळची विचारपूस वाचते. तेच तेच प्रश्न येतात त्यांना क्विक रिप्लाय करून ठेवा, तिरकी रेघ आणि एखादा शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर समोर येतं. आणि लेबल लावा, "माप यायचंय", "शिवायला घेतलं", "तक्रार", असे रंग दिसले की तक्रार गर्दीत हरवत नाही. तक्रारवाल्यांना क्विक रिप्लाय मात्र पाठवू नका, त्यांना स्वतः टाइप करा, कळतं हो लोकांना.

फक्त एक सांभाळा. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये एका प्रवाशाने वडिलांचं सामान हरवलं म्हणून ब्रिटिश एअरवेजविरुद्ध चक्क पैसे भरून ट्विटरवर जाहिरात चालवली, ती हजारो लोकांनी बघितली, आणि कित्येक तासांनी कंपनीचं उत्तर आलं की आमचं ट्विटर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चालू असतं. चोवीस तास विमानं उडवणाऱ्या कंपनीने असं म्हटल्यावर लोक आणखी चिडले. मी वेळा लावा म्हणतेय आणि हे उदाहरण उलटं आहे असं वाटेल, पण फरक आहे. तुमची वेळ आधीपासून दिसत असते, आणि ब्लाउज रात्री बारा वाजता कोणाला लागत नाही. ज्याचा कार्यक्रम उद्या आहे आणि काम तुमच्याकडे अडकलंय अशा माणसाला मात्र रात्री पण उत्तर द्या, तेवढं तर आपल्याला करावंच लागतं. आणि बाकीच्यांचे मेसेज रात्री उघडूनच बघू नका, म्हणजे सीनचा प्रश्न मिटला.

प्रश्न : एका माणसाने गुगलवर आम्हाला एक स्टार दिलाय. आमच्या वहीत त्याचं नाव कुठेच नाही. काढून कसा टाकायचा?

उत्तर : तुम्हाला स्वतःला काढता येत नाही, खोटा आहे असं गुगलला रिपोर्ट करता येतं, ते करा आणि वाट बघा. तोपर्यंत त्याखाली शांतपणे लिहा की या नावाची ऑर्डर आम्हाला सापडली नाही, कदाचित दुसऱ्या नावाने असेल, कृपया या नंबरवर कळवा, आम्ही नक्की बघू. पैसे किंवा सूट देऊन रिव्ह्यू काढून घ्यायच्या फंदात पडू नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही. घरच्यांकडून पाच स्टार लिहून घ्यायचे हेही नको.

प्रश्न : मी विकत नाही, घेणारा आहे. एका कंपनीने रिफंड अडकवला म्हणून मी उघडपणे पोस्ट टाकली. दहा मिनिटांत त्या कंपनीच्या नावाच्या अकाउंटवरून रिप्लाय आला, लोगो पण तोच, त्यांनी फोन नंबर मागितला, मग फोनवर लिंक पाठवून ओटीपी सांगा म्हणाले. मला शंका आली म्हणून मी फोन ठेवला. बरोबर केलं ना?

उत्तर : एकदम बरोबर केलंत दादा. तक्रारींवर नजर ठेवून बसलेले चोर असतात, कंपनीचं नाव आणि "हेल्प" किंवा "केअर" असा शब्द सर्च करतात आणि खऱ्या कंपनीच्या आधी पोचतात, कारण चिडलेला माणूस मदतीला आसुसलेला असतो. रिफंड तुमच्याकडे यायचाय, तो यायला तुमचा ओटीपी किंवा पिन लागतच नाही. लिंक उघडली असेल किंवा कार्डाचा नंबर कुठे भरला असेल तर आत्ताच बँकेला कळवा. पुढच्या वेळी कंपनीच्या अॅपमधून किंवा वेबसाइटवरून त्यांच्या अकाउंटवर जा, रिप्लाय देणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

आणि हे वाचणाऱ्या धंदेवाल्यांनो, तुमच्या नावाने हे कोणीही करू शकतं. म्हणून प्रोफाइलवर आणि एका पिन केलेल्या पोस्टमध्ये लिहून ठेवा की आमचं अकाउंट हे एवढंच, आम्ही ओटीपी कधीच मागत नाही. महिन्यातून एकदा स्वतःचं नाव सर्च करून बघा, तसलं अकाउंट दिसलं की रिपोर्ट करा.

प्रश्न : आमचं सगळं इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर छान चाललंय, ऑर्डरी, पत्ते, तक्रारी सगळं चॅटमध्येच असतं. मुलगा म्हणतो वेगळी नोंद ठेवा. दुप्पट काम कशाला?

उत्तर : मुलाचं ऐका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही एकदम जवळजवळ सहा तास बंद पडलं होतं, जगभर, त्यांच्याच यंत्रणेत देखभाल करताना दिलेल्या एका चुकीच्या कमांडमुळे. ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर वहीत होते त्यांनी फोन करून कळवलं, बाकीचे नुसते बसून राहिले. आणि ते सहा तासांत चालू तरी झालं, अकाउंट हॅक झालं किंवा चुकून बंद केलं गेलं तर आठवडेच्या आठवडे जातात.

वही चालेल, एक्सेल चालेल, पण रोज रात्री नाव, नंबर, काय घेतलं, कधी पाठवलं आणि तक्रार असेल तर काय आणि ती मिटली का, एवढं उतरवायचं. तक्रारीचा रकाना महिनाअखेरी नुसता वरून खाली वाचा, एकच गोष्ट चार वेळा दिसली तर तिथे गिऱ्हाईक चुकत नाहीये, तुमचं पॅकिंग किंवा कुरिअर किंवा फोटो चुकतोय, ते बदललं की चार माणसांना माफी मागायची वेळच येत नाही. हे चॅटमध्ये कधी दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक भांडण वेगळ्या खिडकीत असतं.

आणि हो, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे लॉगिन करताना आणखी एक कोड किंवा पिन लागतो ती सोय, दोन्हीकडे आजच चालू करा आणि फेसबुक पेज असेल तर त्याचा पूर्ण ताबा घरातल्या अजून एका माणसाकडे द्या. ज्या मुलाने पेज काढून दिलं तो काम सोडून गेला आणि पासवर्ड त्याच्याकडेच, अशी या महिन्यात तीन पत्रं आलीत, त्याबद्दल पुढच्या अंकात सविस्तर लिहिते.